घरी घडवलेल्या कोयतीची धार टिकत नाही: दोष शोधायचा कसा

कोयती घडवून झाली, मूठ बसली, दगडावर घासून धार लावली. पहिल्या दिवशी शहाळं एका घावात तासलं जातं. मग कुंपणासाठी चिव्याच्या चार काठ्या तोडल्या, थोडं सरपण केलं, की धार गेलेली. परत घासायची, परत जाते. लोहारकामाची नव्याने गोडी लागलेल्यांकडून ही तक्रार सतत ऐकू येते आणि उपायही ठरलेला असतो: दगड बदलायचा, मग ग्राइंडर आणायचा, मग धार लावायचे व्हिडिओ बघायचे.

माझं म्हणणं असं, की धार पुन्हा पुन्हा जात असेल तर आधी घासणं थांबवा. घासून घासून पातं झिजेल, दोष तसाच राहील. तो बहुतेक वेळा भट्टीत झालेला असतो. पाणी देताना (म्हणजे लाल पातं तेलात किंवा पाण्यात बुडवून कडक करताना), त्याच्या आधी ताव देताना (म्हणजे भट्टीत तापवताना), किंवा त्याहीआधी भंगारातून तुकडा निवडताना. नेमका कुठे झाला ते पात्याकडे नीट बघितलं तर कळतं.

इथे कोयती म्हणजे कोकणात घरोघरी असते तीच डोळ्यांसमोर आहे: पातं वीतभर ते सव्वा वीत, टोकाला किंचित बाक, पाठ पाच-सहा मिलिमीटर जाड, लाकडी मूठ, आणि बागेत जाताना कमरेच्या आकडीत अडकवायची. विळा, खुरपं किंवा छोटी कुऱ्हाड केली असेल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

मुडपली की टवका उडाला?

कोयती खिडकीपाशी न्या आणि धार तुमच्याकडे येईल अशी धरा. चांगली धार दिसत नाही. गेलेल्या धारेवर मात्र उजेडाची बारीक चकचकीत रेघ दिसते. ती रेघ जिथे आहे तिथे नख पाठीकडून धारेकडे अलगद ओढा, मग पातं उलटं करून दुसऱ्या बाजूनेही ओढा. एका बाजूला नख अडकलं तर धार त्या बाजूला मुडपली आहे, म्हणजे पोलाद नरम आहे. नख अडकत नाही पण धारेत खाच दिसते आणि खाचेचा आतला भाग करडा, रवाळ दिसतो, तर तिथला टवका उडाला आहे. म्हणजे पोलाद गरजेपेक्षा कडक आणि ठिसूळ राहिलं आहे.

हे दोन्ही रोग एकमेकांच्या उलट आहेत आणि औषधंही उलट. खरी गोची इथेच होते. पाणी उतरवणं म्हणजे कडक झालेलं पातं पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणं. मुडपलेल्या धारेला ‘अजून थोडं पाणी उतरवून बघू’ म्हणत पुन्हा तापवतात आणि ती आणखी नरम होते. टवके उडणाऱ्या पात्याला परत कडक पाणी देतात आणि पुढच्या वेळी मोठा टवका जातो. म्हणून निदानाआधी शेगडी पेटवू नका.

आणखी एक बघायचं. दोष सगळ्या लांबीत आहे की एखाद्याच जागी? सगळ्या लांबीत असेल तर धातू किंवा पाणी चुकलं. फक्त टोकाशी किंवा मधेच असेल तर ताव सगळीकडे सारखा नव्हता, किंवा तेवढीच जागा ग्राइंडरवर जळली. टोक पातळ असल्यामुळे ते सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त तापतं, त्यामुळे टवके टोकाशी जास्त दिसतात.

धार मुडपत असेल तर

पहिला संशय धातूवर घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली पट्टी, अँगल, चौकोनी बार हे सगळं माइल्ड स्टील. त्यात कार्बन साधारण ०.०५ ते ०.२५ टक्के असतो. पाणी दिल्यावर धारेला पुरेल एवढा कडकपणा यायचा तर कार्बन निदान ०.४-०.५ टक्के तरी हवा. ०.३ च्या खाली कितीही लाल करा, कशातही बुडवा, धारेच्या कामाचा फरक पडत नाही. बांधकामाच्या टीएमटी सळईने तर फसायला हमखास होतं, कारण तिचं कवच खरंच कडक असतं. कारखान्यात लाल सळईवर पाण्याचा मारा करून ते कवच तयार केलेलं असतं. आपल्या भट्टीत सळई पुन्हा लाल झाली की तो गुण संपला. अशा सळईचे चिमटे करा, उलथणी करा, आकड्या करा, झकास होतात. कोयती करू नका.

कोयतीला गाडीचा जुना कमानपाटा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगची पट्टी, उत्तम. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. आपल्याकडे खूप चालणाऱ्या ईएन ४५ जातीच्या पाट्यात दीड ते दोन टक्के सिलिकॉनही असतं आणि त्याने पोलादाला लवचीकपणा येतो. ट्रकचा पाटा फार जाड असतो, तो हाताने ठोकून पातळ करण्यात दिवस जातो. जीप किंवा छोट्या टेम्पोचा मिळाला तर बघा. जुनी कानस मोहात पाडते, कारण तिच्यात एक टक्क्याच्या वर कार्बन असतो. पण दणके खाणाऱ्या हत्याराला ते पोलाद फार कडक पडतं. कानशीची सुरी करावी.

भंगारातल्या तुकड्यावर जात लिहिलेली नसते, म्हणून पातं घडवायच्या आधी चाचणी करा. टोकाचा करंगळीएवढा तुकडा कापून घ्या, लालभडक करा आणि साध्या पाण्यात बुडवा. थंड झाल्यावर व्हाइसमध्ये अर्धा पकडा, वर फडकं टाका, डोळ्यांना गॉगल लावा आणि हातोड्याचा एक घाव घाला. कडकन तुटला तर पोलाद आहे. वाकला तर बाजूला ठेवा. एवढ्याशा परीक्षेने कित्येक दिवसांची मेहनत वाचते, आणि तरी दहातले नऊ जण ती करत नाहीत. तुटलेला तुकडा टाकू नका, त्याचं काम पुढे आहे.

धातू बरोबर असूनही धार मुडपते, तेव्हा ताव कमी पडलेला असतो. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटायचं थांबतं. काठीला चुंबक बांधून शेगडीशेजारी ठेवा आणि पात्याला मधूनमधून लावून बघा. चुंबक सुटला त्या क्षणीच बुडवलं तर कमानपाटा पुरता कडक होत नाही. त्याच्यापुढे आणखी थोडा ताव हवा, लाल रंग नारिंगीकडे झुकायला लागेल इतपत. आणि हा रंग उन्हात ओळखता येत नाही. भर उन्हात आठशे अंशांचं पोलाद काळपट दिसतं, अंधाऱ्या पडवीत तेच लखलखतं. एकच माणूस, एकच पाटा, एकच तेल, तरी एक कोयती जमते आणि दुसरी फसते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. पाणी देण्याचं काम रोज एकाच सावलीच्या जागी, शक्यतो संध्याकाळी करा.

तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. भट्टीत वारा जास्त असला की पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन जळून जातो. आत पोलाद शाबूत, वर कागदाएवढा नरम थर. धार नेमकी त्या थरातच काढली तर ती मुडपणारच. पाणी दिल्यावर कानस फिरवून बघतात ना, तिथेही हा थर फसवतो: कानस चावते, आपण म्हणतो पाणी लागलं नाही, आणि सगळं पुन्हा तापवतो. त्याऐवजी धारेपाशी कानस पाच-सात वेळा जोर देऊन चालवा. वरचा थर निघाल्यावर कानस काचेवरून जावी तशी घसरायला लागली तर आतलं पाणी उत्तम आहे. मग दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर घासून टाका आणि धार आतल्या पोलादात काढा. पुढच्या वेळी पातं वाऱ्याच्या तोंडाशी ठेवू नका. कोळशाचा ढीग उंच ठेवा आणि पातं त्याच्या वरच्या अंगाला राहू द्या. लाकडाचा किंवा करवंटीचा कोळसा मिळत असेल तर दगडी कोळशाच्या नादी लागू नये, दगडी कोळशातलं गंधक पोलादाला बाधतं.

टवके उडत असतील तर

सरळ विचारायचं: पाणी दिल्यावर पातं उतरवलं होतं का? तेलातून निघालेलं पोलाद कडक असतं तितकंच ठिसूळ. तसंच वापरायला घेतलं तर फणसाच्या देठावरसुद्धा टवका जाईल. उतरवणं कसं करायचं ते पुढे सविस्तर येतं.

उतरवूनही टवके उडत असतील तर तो मघाचा तुकडा काढा. त्याच पाट्याचा आणखी एक तुकडा कोयतीएवढाच ताव देऊन तेलात बुडवा, तोडा, आणि दोन्ही तुटलेली तोंडं शेजारी ठेवून बघा. पोलादाचा रवा, म्हणजे आतले कण, बारीक असेल तर तोंड एकजीव, मंद करडं दिसतं, वेगळे कण दिसत नाहीत. ताव जास्त झाला असेल तर तोंड साखरेसारखं रवाळ असतं आणि कण चमचमतात. अति तावाने रवा फुगतो, आणि फुगलेल्या रव्याचं पोलाद कितीही उतरवलं तरी फुटकंच राहतं. पिवळ्याच्या पुढे, पांढऱ्याकडे जाणाऱ्या तावात भट्टीतून फुलबाज्या उडायला लागल्या तर पोलाद जळतंय. जळालेला भाग कापून टाकण्याशिवाय इलाज नाही.

नुसता रवा फुगला असेल तर मात्र दुरुस्ती सोपी आहे. पातं चुंबक सुटून थोडं पुढे जाईल इतकं तापवा, बाहेर काढा आणि वारा नसलेल्या जागी हवेत टांगून काळं होईपर्यंत निवू द्या. ऐरणीवर ठेवायचं नाही, जमिनीवर नाही, पाण्याजवळ तर नाहीच. असं तीनदा करा, दर वेळी ताव आधीपेक्षा किंचित कमी. रवा परत बारीक होतो आणि ठोकताना पोलादात साठलेला ताणही निघून जातो. मी तर म्हणेन, घडवून झालेल्या प्रत्येक पात्याला पाणी देण्याआधी हे करायचंच, दोष असो वा नसो. त्याला कोळसा थोडा जास्त लागतो, एवढंच.

कोन हेही एक कारण. विळीसारखी पातळ धार कोयतीला चालत नाही. दोन्ही बाजू मिळून ३० ते ३५ अंशांचा कोन ठेवा आणि धारेमागचं पोट भरलेलं असू द्या. टवके बारीक असतील आणि पाण्यात दोष दिसत नसेल, तर आधी कोन वाढवून बघा. कित्येकदा एवढ्यावर भागतं.

पाणी उतरवणं: रंग धावताना बघणं

मला या कामात सगळ्यांत प्रिय भाग हाच. थोडा सावकाश सांगतो.

आधी बुडवणं. म्हणायला ‘पाणी देणं’, पण कमानपाट्याला पाणी नको, तेल हवं. पाण्यात तो फार झपाट्याने निवतो आणि धारेकडून तडे जातात. शेंगदाण्याचं, मोहरीचं किंवा सोयाबीनचं तेल चालतं. ते आधी कोमट-गरम करा, साधारण ५० ते ६० अंश. गरम तेल पातळ होतं आणि पात्याला लवकर भिडतं. गाडीचं काढलेलं जुनं ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. भांडं लोखंडी, खोल आणि झाकण असलेलं हवं. तेल पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी कधीही ओतायचं नाही. जवळ वाळूची बादली असू द्या.

पातं धारेकडून सरळ खाली जाऊ द्या आणि सुरी चालवतो तसं पुढे-मागे हलवा. आडवं हलवलं की एक बाजू आधी निवते आणि पातं वळतं. थंड झालं की बाहेर काढून पुसा आणि त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात उतरवायला घ्या. पाणी दिलेलं पातं रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी आपोआप तडा गेलेला सापडू शकतो.

आता पात्याची एक बाजू पॉलिशपेपरने घासून लख्ख करा. तेलाचा अंश उरू देऊ नका, कारण तापल्यावर तेलही पिवळं-तपकिरी होतं आणि तो रंग पोलादाचा वाटतो. एक जाड लोखंडी ठोकळा भट्टीत लाल करा, बाहेर काढून ठेवा आणि त्यावर पात्याची पाठ टेकवा. धार वर. नजर पाठीजवळ ठेवा.

थोडा वेळ काही होत नाही. मग पाठीपाशी फिकट पिवळी छटा उमटते, साधारण २०५ ते २२० अंशांना. ती धारेकडे सरकायला लागते. तिच्यामागून गडद पिवळा, मग २५५ च्या आसपास तपकिरी, २७५-२८० ला जांभळा आणि तीनशेच्या जवळ गडद निळा. सगळे पट्टे एकामागोमाग एक पात्यावरून चालत येतात. टोक पातळ, तिथे ते पळतात, म्हणून टोक ठोकळ्याच्या बाहेर ठेवायचं आणि पातं सतत मागे-पुढे सरकवत राहायचं, म्हणजे पट्टा धारेला समांतर राहतो. धारेवर तपकिरीत जांभळी झाक आली की लगेच पातं तेलात. तोवर पाठ निळी होऊन गेलेली असते, आणि तसंच हवं असतं: धार कडक, पाठ चिवट. पट्टे पुन्हा घासून सगळं आणखी एकदा करा, दुसऱ्या फेरीत उरलासुरला ठिसूळपणा जातो.

काम बघून रंग निवडा. नुसती शहाळी आणि भाजीपाला असेल तर तपकिरीवर थांबा. सुकं लाकूड, बांबू, करवंदीची जाळी तोडायची असेल तर पुरता जांभळा येऊ द्या. निळा धारेवर आला तर कोयतीला नरम पडेल, खुरप्याला मात्र चालतो, कारण ते दगडावर आपटणारच असतं.

रस्त्याकडेला भट्टी मांडून बसणाऱ्या घिसाडी कुटुंबांकडे कधी थांबून बघा. घण बहुतेकदा घरातली बाई चालवते, सांडशी पुरुषाच्या हातात. पुष्कळ जुने कारागीर ठोकळाही वापरत नाहीत. धारेकडची दोन बोटं जागा तेवढी बुडवतात, पातं वर काढतात, विटेच्या तुकड्याने खपली झटकन खरवडतात, आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे येताना रंग ओळखून पुन्हा बुडवतात. सगळा खेळ काही सेकंदांचा. ती पद्धत आधी भंगारातल्या तुकड्यांवर हात बसेपर्यंत करावी. नव्या माणसाला ठोकळा बरा, कारण तो विचार करायला वेळ देतो.

घरी ओटीजी ओव्हन असेल आणि कोयती त्यात मावत असेल, तर आधी २३० अंशांवर तासभर ठेवून मग ठोकळ्यावर घेतली तरी उत्तम. नुसत्या ओव्हनवर भागवू नका. घरगुती ओव्हन साधारण २५० च्या पुढे जात नाही आणि कोयतीला त्याहून थोडं जास्त लागतं.

तडा आणि वाक

तडा गेलेलं पातं वाचत नाही. तडा धारेजवळ अगदी लहान असेल तर तेवढी पट्टी घासून काढता येते, नाहीतर नवा पाटा. कारणं तीनच बघायची: पाण्यात बुडवलं, धार आधीच फार पातळ केली, किंवा पाट्यातच जुना तडा होता. पाणी देण्याआधी धारेची जाडी दीड मिलिमीटर तरी ठेवा, बाकीचं नंतर घासा. वर्षानुवर्षं ट्रकखाली वाकत आलेल्या पाट्यात बारीक तडे असू शकतात. रॉकेल लावून कोरडं पुसा आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. पाट्याच्या मधल्या भोकाजवळचा भाग मी पात्याला कधीच घेत नाही.

वाक आला असेल तर थंड पात्यावर हातोडा मारू नका. उतरवण्याच्या दुसऱ्या फेरीत, पातं गरम असतानाच, व्हाइसच्या जबड्यात हळूहळू दाबून सरळ करा. पुन्हा पुन्हा एकाच बाजूला वाक येत असेल तर दोन्ही बाजू सारख्या ठोकलेल्या नाहीत, किंवा बुडवताना हात आडवा जातोय.

आणि शेवटी ग्राइंडर

सगळं बरोबर केलेलं पातं धार काढताना बिघडतं, हे फार वेळा घडतं. ग्राइंडरवर धारेची कड काही क्षणांत निळी होते. निळी म्हणजे तीनशेच्या आसपास गेली, म्हणजे तेवढ्यापुरतं पाणी उतरून गेलं. म्हणून हातमोजे काढून, उघड्या बोटांनी पातं धरा आणि बोटाला चटका जाणवायच्या आत पाण्यात बुडवा. शेवटचा मिलिमीटर ग्राइंडरवर न्यायचाच नाही, तो कानस आणि दगडाचा. निळा डाग पडलाच तर पॉलिशपेपरने तो पुसला जाईल, पण नरमपणा तिथेच राहील. दगडावर तो भाग निळ्याच्या पलीकडे, आतल्या चांगल्या पोलादापर्यंत झिजवावा लागतो. डाग बोटाच्या पेरापेक्षा मोठा असेल तर सरळ पुन्हा ताव, पुन्हा तेल, पुन्हा रंग.